पप्पांचा एक तरी फोटो

शिडीच्या चौथ्या पायरीवर स्वेन्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि नेमका त्याच क्षणी खाली तिच्या लेकीने, रीकेने, ओठ काढला. तो ओठ स्वेन्याच्या चांगला ओळखीचा होता. आधी ओठ, मग नाकातून एक सूं, आणि मग दहा महिन्यांच्या त्या एवढ्याशा जिवातून असा भोंगा निघायचा की शंभर गाड्यांच्या गर्जनेतही ऐकू यावा.

"उशी मावशी, आवाज अडवणारा तो हेडफोन सरकलाय का तिचा? डावीकडचा बघ."

"काही सरकलेला नाही. तू समोर बघ, बाई! आली, आली!"

स्वेन्याने समोर पाहिलं तेव्हा हिरव्या गाडीची नुसती पाठ दिसत होती. तीही झाडांत गेली.

"गेली," उशी मावशी म्हणाली, जसं काही स्वेन्याला दिसलंच नव्हतं.

गेली म्हणजे दहा मिनिटं गेली. न्युर्बुर्गरिंगचा हा शर्यतीचा रस्ता पंचवीस किलोमीटरचा, आयफेलच्या डोंगरातून, जंगलातून वळसे घेत जाणारा. एकदा गाडी नजरेआड झाली की फिरून तुमच्या वळणावर यायला दहा मिनिटं घेते, आणि आली की पापणी लवायच्या आत जाते. चोवीस तास हाच खेळ. लहानपणापासून स्वेन्याला त्या वाट बघण्यातच मजा वाटत आली होती. शेगडीवरचं सॉसेज खायचं, दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवायची, पावसाला शिव्या घालायच्या. यंदा मजा नव्हती. यंदा तिला एकच फोटो हवा होता, आणि तो मिळवायला हेच एक वर्ष उरलं होतं.

त्या हिरव्या गाडीत तिचे पप्पा होते. एवाल्ड थेलेन, धंद्याने छपरं घालणारे, पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांवर त्यांच्या हातच्या काळ्या दगडी फरशा. गावातल्या चौघांनी मिळून एक जुनी, बुटकी गाडी पाळली होती. पाळली असंच म्हणायला हवं, कारण तिचं खाणंपिणं आणि आजारपण चौघांच्या बायकांनी वर्षानुवर्षं सोसलं होतं. दर शर्यतीला चौघे आळीपाळीने ती चालवत. नाताळच्या जेवणात पप्पांनी बटाटा कापता कापता सांगून टाकलं, "यंदा शेवटचं. मान वळत नाही आता." आणि पुढचा बटाटा घेतला.

त्यानंतर आठवड्याभरातच स्वेन्याला ते लाल हातमोजे दिसले.

पप्पांच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलाच्या वर एक फोटो आहे. ह्याच वळणावर, ह्याच शिडीवरून सतरा वर्षांच्या स्वेन्याने काढलेला. गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत घेतलेला, त्यामुळे गाडी लख्ख आणि मागचं जंगल पुसून निघालेलं, चाकं नुसती गरगरणारी. तिचा आयुष्यातला पहिला धड फोटो. "पप्पा, हे तुम्ही," म्हणून तिने तो नेऊन दिला होता आणि तेव्हापासून पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत आले होते. त्यांच्या निरोपाला तो भिंतभर मोठा करून द्यावा म्हणून तिने मूळ फोटो संगणकावर काढला, चेहऱ्यापाशी मोठा केला, आणि स्टिअरिंगवर दोन लाल हातमोजे दिसले. पप्पांचे हातमोजे काळे. आजन्म काळे. लाल हातमोजे ओटमारचे, त्या चौघांतल्या बेकरीवाल्याचे.

म्हणजे इतकी वर्षं पप्पा रोज सकाळी ओटमारकडे बघत कॉफी पीत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. स्वेन्याने कुणाला काही सांगितलं नाही. ह्या वर्षी पप्पांचा खरा फोटो घ्यायचा, तस्सा, त्याच वळणावर, आणि गुपचूप चौकटीत बदलून टाकायचा, असं तिने ठरवलं. ठरवणं सोपं होतं. ठरवताना रीके झोपलेली होती.

कुंपणाला ह्या जंगलात शिड्यांची रांग लागते. गुरुवारीच येऊन आपापली घडीची शिडी साखळीने बांधून ठेवायची, की रविवारपर्यंत ती जागा तुमची. मालक नसेल तर दुसऱ्याने चढायला हरकत नाही, मालक आला की मुकाट उतरायचं. थेलेनांच्या शिडीवर आजोबांनी रंगवलेलं नाव अजून होतं. फक्त चिखलात तिचा एक पाय रुतायचा आणि ती डुगडुगायची. रीकेचा बाबा, टीमो, असता तर त्याने धरली असती, पण टीमो तिकडे पिटमध्ये, गाडी थांबते तिथे, चाकं बदलायला. इकडे स्वेन्याच्या वाट्याला आली होती पप्पांची शेजारीण, उशी मावशी. एका हाताने रीकेची गाडी हलवायची, दुसऱ्या हाताने बादलीभर बटाट्याचं सॅलड ढवळायची आणि तोंडाने जगाला सल्ले द्यायची.

"अगं, खाऊन घे आधी. अंगावर पाजतेस ना?"

"नंतर, मावशी. पप्पा येतील आता."

"पप्पा काय पळून जातायत? परत येतीलच की. गोलच तर फिरतायत."

दुसऱ्या खेपेला पप्पा आले ते एका मोठ्या, रुंद, जबड्यावर दिवे लावलेल्या गाडीच्या पलीकडून. त्या धटिंगणाने बरोब्बर वळणावरच त्यांना मागे टाकलं. स्वेन्याच्या कॅमेऱ्यात त्या गाडीचा एक देखणा फोटो आला, आणि तिच्या छपरावर बोटभर हिरवा रंग.

तिसऱ्या खेपेला वळणाच्या आधीच पिवळे झेंडे हलले. कुठेतरी कुणीतरी कठड्याला धडकलं होतं. सगळ्या गाड्या सासरी निघाल्यासारख्या संथ आल्या. पप्पा स्पष्ट दिसले, काळे हातमोजे, पांढरं हेल्मेट, त्यावर हिरवी पट्टी. त्यांनी एकदा दिवाही लावला तिच्यासाठी. पण चाकाचा एकेक नट मोजता येत होता. असा फोटो म्हणजे बाजारात उभी केलेली गाडी.

"आला की!" मावशी खालून म्हणाली.

"हा नाही चालत, मावशी."

"का? माणूस तर तोच आहे."

"चाकं थांबल्यासारखी दिसतायत."

"तुम्हा लोकांचं काही कळत नाही बाई. दिसलं तरी तक्रार."

चौथ्या खेपेआधी रीकेचा लंगोट बदलायची वेळ झाली, आणि ती वेळ कुणाच्या सोयीने येत नसते. तंबूत वाकून, गुडघ्याने पिशवी धरून, दाताने पाकीट फोडून स्वेन्याने काम उरकलं. हेडफोन नीट बसलाय ना, म्हणून दोनदा पाहिलं. शेजारच्या शेगडीचा धूर इकडे येतोय का तेही पाहिलं. धावत परतली तर शिडीवर कोलोनहून आलेला एक दाढीवाला चढलेला. तिला बघून तो अदबीने उतरला.

"तुमची हिरवी आत्ताच गेली," तो आनंदाने म्हणाला. "मी घेतली ना. बघा."

स्वेन्याने बघितलं. प्रकाश तिरपा, सोन्यासारखा. जंगल पुसलेलं, चाकं गरगरणारी, काळे हातमोजे. आणि हेल्मेटच्या बरोब्बर मधोमध कुंपणाचा खांब.

"छान आहे," ती म्हणाली. ते शब्द तोंडातून काढायला तिला किती कष्ट पडले ते तिचं तिलाच ठाऊक.

"खांब तेवढा आला जरा."

"हो. तेवढाच."

त्यानंतर पाऊस आला. पावसामागून धुकं आलं, आयफेलचं, कापसासारखं, समोरच्या माणसाची सिगारेट दिसावी पण माणूस दिसू नये असं. लाल झेंडे निघाले, शर्यत थांबली, आणि जंगलभर एकदम शांतता पसरली. इतकी, की रीके दचकून जागी झाली.

रात्री तंबूत बाळाला पाजत बसलेल्या स्वेन्याला झोप येईना. ओल लागेल का, ताप येईल का, आणायलाच नको होतं का हिला. टीमो तर म्हणतच होता, घरी थांबा. सासूबाईंनी तोंडाने काही म्हटलं नव्हतं, भुवयांनी सगळं म्हटलं होतं. एका फोटोपायी लेकराला चिखलात आणलं, आणि फोटो तर नाहीच.

सकाळी धुकं होतं तसंच. मावशीने स्टोव्हवर कॉफी ठेवली आणि तंबूच्या तोंडाशी खुर्ची ओढून बसली.

"एवढं काय गं त्या फोटोत? स्वयंपाकघरात एक आहे ना टांगलेला?"

स्वेन्याने कप खाली ठेवला. रात्रभर मनात घोळलेलं होतं, ते बाहेर आलंच. "मावशी, तो पप्पांचा नाहीये. ओटमारकाकांचा आहे. पप्पांना सांगू नकोस. त्यांना माहीत नाही."

मावशीने तिच्याकडे बघितलं. मग कॉफीकडे. मग तिचे खांदे हलायला लागले.

"हसतेस काय?"

"अगं पोरी, अख्ख्या गावाला माहीत आहे! ओटमार दर नाताळाला येऊन त्या फोटोखाली उभा राहतो आणि म्हणतो, काय देखणा पुरुष आहे! तुला काय वाटलं, तो कुणाला म्हणतो?"

"पप्पांना... पप्पांना माहीत आहे?"

"स्वतःचे हातमोजे ओळखता येणार नाहीत का त्याला? छपरावर चढणारा माणूस तो, डोळ्यानेच जगलाय."

स्वेन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सगळ्या गावात एकटी तीच खुळी. दर नाताळाला सगळे हसत होते तेव्हा तीही हसत होती, कशाला ते न कळता.

"मग कुणी मला सांगितलं का नाही?"

"सांगणार कसं? तू इतकी मान ताठ करून त्या फोटोकडे बघायचीस."

आता तर फोटो हवाच होता. आता तो पप्पांसाठी कमी आणि तिच्या स्वतःसाठी जास्त हवा होता, आणि हे कळल्यामुळे ती आणखीच चिडली.

उन्हं वर आल्यावर धुकं विरलं आणि गाड्या पुन्हा सुटल्या. जंगलात एवढी माणसं जमली की फोनला रेंज कुठली; तरी सकाळी टीमोचा एक संदेश कसाबसा पोचला होता. शेवटची पाळी पप्पांची, निकालाच्या झेंड्यापर्यंत तेच चालवणार. त्यानंतर फोन मेल्यासारखा गप्प. रेडिओवरचा बोलणारा पुढच्या दहा गाड्यांचंच कौतुक करत होता; ऐंशीव्या नंबरच्या हिरव्या गाडीत कोण बसलंय ह्याची त्याला काय पडलीय.

दुपारपर्यंत स्वेन्याने नुसता सराव केला. दुसऱ्या गाड्यांवर कॅमेरा फिरवायचा, थांबायचं, बघायचं, पुसायचं. हिरवी येई, त्यात चौघांपैकी दुसरं कुणी असे, आणि ती हुबेहूब तस्साच फोटो घेई जसा तिला पप्पांचा हवा होता. त्यातला प्रत्येक फोटो उत्तम आला. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच.

शेवटचा तास आला. रीकेला पाजून झालं, लंगोट बदलून झाला, हेडफोन बसवून झाला. रीके मावशीच्या मांडीवर पावाचं टोक चोखत होती. स्वेन्या शिडीवर चढली आणि तिने ठरवलं की आता पोरगी रडो, आकाश कोसळो, उतरायचं नाही.

एक खेप गेली. हिरवी आली ती दोन गाड्यांच्या बेचक्यात. दुसरी खेप. हिरवी आलीच नाही.

"मावशी, गाडी आली नाही!"

"थांबली असेल पेट्रोलला."

"शेवटच्या तासात? धडकले तर नसतील?"

"धडकले असते तर रेडिओवाला ओरडला असता. तेवढ्यासाठी तरी नाव घेतो तो."

फोटो गेला खड्ड्यात, पप्पा नीट असू देत, असं स्वेन्याने मनात म्हटलं. आणि लगेच, फोटोही असू दे, असंही म्हटलं. वेळ पुढे सरकेना. पुढच्या खेपेला लांबून, झाडांच्या बोळातून, तो ओळखीचा आवाज आला, थोडा घसा बसल्यासारखा, आणि हिरवं नाक दिसलं. ठीक होती गाडी. पण पुढे एक, मागे एक, मध्ये ती. पुन्हा नाहीच.

"शेवटची फेरी!" रेडिओवाला किंचाळला. कुंपणाच्या कडेने सगळे उभे राहिले. कुणी भांडी वाजवू लागलं. स्वेन्याने पाय घट्ट रोवले. आणि काय आश्चर्य, दोन दिवस डुगडुगणारी ती शिडी जागची हलेना. जमिनीत पुरल्यासारखी उभी. शेवटी मावशीला धरता आली एकदाची, असं तिला वाटलं, पण खाली बघायला सवड कुठे होती.

हिरवी आली. एकटी. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, ऊन बाजूने. स्वेन्याने श्वास रोखला आणि कंबरेतून वळली, गाडीच्या नाकाला नजर बांधून, अगदी सतरा वर्षांची असताना वळली होती तशी. शटर वाजलं. गाडी गेली.

तिला बघायच्या आधीच कळलं होतं. असा फोटो हाताला कळतो. तिने मागचा छोटा पडदा डोळ्यांजवळ नेला. जंगल पुसलेलं. चाकं गरगरणारी. गाडी सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. तिने चेहऱ्यापाशी मोठा केला.

लाल हातमोजे.

"नाही!" ती ओरडली. "नाही, नाही, नाही! हा मेला ओटमार!"

"काय झालं?" खालून कुणीतरी विचारलं. तो आवाज मावशीचा नव्हता.

स्वेन्याने खाली पाहिलं. शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एक बूट होता, टाच बाहेर, बोटं आत, छपरावर चढणाऱ्या गड्यासाठी शिडी धरतात तसा. बुटाच्या वर शर्यतीचा मळका पोशाख, त्यावर पप्पांचं डोकं, केस हेल्मेटने चपटे झालेले. त्यांच्या कडेवर रीके. ती त्यांच्या पोशाखाची चेन चावत होती.

"पप्पा! तुम्ही इथे काय करताय?"

"शिडी धरतोय. किती हलते ही. पाय रुतलाय एक."

"तुम्ही गाडीत असायला हवं होतं!"

"होतो की. अर्ध्या तासापूर्वी पेट्रोलला आत आलो आणि ओटमारला म्हटलं, बस तू. टीमोच्या मोपेडवरून आलो रानातून. त्या पायवाटेची पार वाट लागलीय."

"पण का? शेवटची फेरी होती तुमची!"

पप्पांनी रीकेच्या तोंडातून चेन काढली. "इतकी वर्षं ह्या वळणावरून गेलो," ते म्हणाले. "ती इथून जाताना कशी दिसते ते कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं." मग म्हणाले, "मागचं डावं चाक जरा तिरकं पळतं. आधी कळलं असतं तर."

स्वेन्याला रडावं की कॅमेरा फेकून मारावा ते कळेना. "मी कालपासून ह्या शिडीवर टांगून घेतलंय स्वतःला! उपाशी! पोरीला चिखलात घेऊन! एका फोटोसाठी!"

"मग मिळाला का?"

"मिळाला. एक नंबर मिळाला. ओटमारचा!"

मावशीने सॅलडची बादली बाजूला ठेवली. हसू आवरताना तिला बादली सांभाळणं शक्य नव्हतं.

"बघू," पप्पा म्हणाले. स्वेन्या उतरली आणि तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिला. बराच वेळ.

"वळण काय कापलंय त्याने," ते शेवटी म्हणाले. "मला नाही जमायचं हे. घरातल्या फोटोतही तेच आहे बघ. मी त्या वर्षी इथे दरवेळी ब्रेक लावत होतो."

"तुम्हाला माहीत होतं."

"अगं, माझी गाडी, माझा मित्र, आणि माझ्या पोरीने काढलेला फोटो. त्यात मी बसलेलो नव्हतो एवढंच. तुला त्याचं एवढं काय वाईट वाटतंय?"

तिला बरंच काही बोलायचं होतं. दर नाताळाचं हसणं काढायचं होतं, भुवयांनी बोलणाऱ्या सासूबाईंचं सांगायचं होतं. पण तेवढ्यात कुंपणाकडून आरडाओरडा उठला. शर्यत संपल्यावर गाड्या एक फेरी सावकाश मारतात, झेंडेवाले आपले सगळे झेंडे एकदम काढून हलवतात. त्या गाड्या यायला लागल्या होत्या.

"धर हिला," म्हणून पप्पांनी रीके तिच्या हातात दिली आणि शिडीवर चढलेसुद्धा. मान वळत नसली तरी पाय अजून छपरावरचेच होते. शिडी डुगडुगली. स्वेन्याने झटकन खालच्या पायरीवर पाय रोवला, बाळ कमरेवर बसवलं, एका हाताने पिवळा हेडफोन दाबून धरला.

"मावशी, शिडी धर ना! मला फोटो घ्यायचाय!"

पण मावशी भांडं वाजवत कधीच कुंपणाला जाऊन भिडली होती.

हिरवी गाडी रमतगमत आली. खिडकीतून एक लाल हातमोजा बाहेर आला आणि हलायला लागला. वर, कुंपणाच्या वर अर्धे निघालेले पप्पा दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होते, बहुधा चाकाबद्दल. ऊन त्यांच्या चपट्या केसांवर. दोन पावलं मागे सरून उभं राहिलं असतं तर जन्माचा फोटो मिळाला असता. पण दोन पावलं मागे सरलं असतं तर पप्पा खाली आले असते.

पाय पायरीवर ठेवून जितकं मागे झुकता येईल तितकी ती झुकली. रीकेचा कान आपल्या खांद्याशी दाबून हात मोकळा केला आणि एका हाताने कॅमेरा उचलला. भिंगाने कुरकुर केली, पुढे झालं, मागे झालं, एवढ्या जवळचं त्याला दिसेना. मग दिसलं. सगळ्या चौकटीत मावले ते दोन मळके बूट, शिडीच्या पायरीवर, टाचा उचललेल्या, पुढचं दिसावं म्हणून चवड्यांवर उभे.

तिने दाबलं.

"काढलास का?" पप्पा वरून ओरडले, मागे न बघता.

"तुम्ही गाडी बघा!" स्वेन्या खेकसली आणि पायाचा जोर वाढवला.